डबा औषधाचा, पाणी विहिरीचं

मी विष प्यायले नव्हते.

हे वाक्य आधी छापायचं होतं, म्हणून आधी छापते. ज्यांनी माझ्या नाकातून नळी घातली, ज्यांनी माझ्या नावाचं पत्रक काढलं, ज्यांनी तांड्यातल्या ओट्याओट्यावर बसून माझं काल्पनिक लफडं चघळलं, त्या सगळ्यांनी हे वाचावं. आजारातून सावरलेली माणसं लिहायला बसली की सगळ्यांचे आभार मानतात. मी तिघांचे मानणार आहे. बाकीच्यांची नावं मला पाठ आहेत.

आणि तुम्हीही वाचा, जे एसटीत उभ्याउभ्या झोपता, वर्गात झोपता, चुलीसमोर झोपता आणि घरच्यांच्या शिव्या खाता. तुमच्यासाठीच मुख्यतः लिहितेय. राग मात्र माझा आहे, तो तुम्हाला सोबत घ्यावा लागेल.

शेळ्यांच्या खिडक्या

दारव्हा तालुक्यातला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. घरी मी, याडी म्हणजे आई, बाप, भाऊ आणि त्याची बायको, जिला आम्ही भोजाई म्हणतो. नववीपासून मला झोप यायची. तशी झोप नाही, जी तुम्हाला जेवल्यावर येते. कोणीतरी मागून येऊन डोक्यावर गोणपाट टाकावं तशी. गुरुजी उभं करायचे, मी उभ्याने झोपायचे. बाप म्हणायचा, "आळशी हाय." याडी म्हणायची, "रगत कमी हाय." पालक, गूळ, लोहाच्या गोळ्या, सगळं झालं.

बारावीनंतर मी कापूसवाल्यांच्या संघटनेत गेले. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेले भाव, रोज पेपरात कोणीतरी औषध प्यायल्याची बातमी. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. संघटनेचे मधुभाऊ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. "वाक्य लहान ठेव सुनी. वाचणारा बसस्टँडवर उभा असते, त्याची गाडी सुटून राह्यली असते." हे त्यांचं मी आजही मानते. त्यांनी शिकवलेल्या लहान वाक्यांनीच मी त्यांना धरलं, ते पुढे येईल.

आमची पत्रकं दारव्ह्याला रफीकचाचांच्या छापखान्यात छापली जायची. त्यांची मुलगी शबाना माझी मैत्रीण. एकदा मी तिथंच बसून पाच मागण्या लिहिल्या आणि कागद देऊन निघाले. मजकूर नेहमी शबाना तपासायची, ती त्या दिवशी मामाकडे गेलेली. रफीकचाचांनी जसंच्या तसं छापलं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात लोक पत्रक वाचून हसत होते. चार मागण्या कापसाच्या होत्या. पाचवी अशी होती: "सर्व शेळ्यांना उत्तरेकडे खिडक्या मिळाल्याच पाहिजेत."

अक्षर माझंच होतं. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"चाचा, तुम्ही काहून छापलं हे?"

"मले वाटलं, तुमच्या संघटनेचं काई नवं धोरण असंन."

आज मला माहीत आहे की त्या ओळीला मी झोपले होते आणि हात चालूच होता. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. मधुभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पोट्टी रातभर करते काय, तपासा बावा." लोक हसले. मीही हसले, आणि हसताना माझा जबडा सैल पडला, मान छातीवर आली. दोन क्षणांत परत सरळ. मला वाटायचं, हे सगळ्यांनाच होतं. लोक म्हणतातच ना, हसून हसून हातपाय गळाले.

कापसाच्या मिशा

वेचणीचे दिवस. कमरेला ओटी बांधून आम्ही सहा बाया आमच्या वावरात. बांधावर पाण्याचा डबा. डबा फवारणीच्या औषधाचा, पाच लिटरचा. तीन पाण्यानं धुतला की झाला पाण्याचा, असं आमच्याकडे अर्धा तालुका करायचा. वरचा कागद कोणी काढत नाही, त्यावरची लाल खूण लेकरांनाही ओळखू येते. हे करू नका. धुतलेला डबाही प्यायला वापरू नका. ही आमची चूक होती आणि ती मी लपवत नाही.

मी पाणी प्याले. तेवढ्यात रस्त्याला मधुभाऊंची जीप थांबली. ते सभेचं सांगायला आले होते. ते दुरून येताना दिसले तशी भोजाईने दोन बोंडांचा कापूस ओढून नाकाखाली चिकटवला, पोट पुढं काढलं आणि भाऊंच्या आवाजात सुरू केलं, "बंधूंनो आनि भगिनींनो, गाडी सुटून राह्यली, वाक्य लहान ठेवा!"

मी हसले. गुडघे गेले. मी तोंडावर पडले, डब्याच्या शेजारी.

आता नीट वाचा. मी शुद्धीवर होते. मातीचा वास येत होता. भोजाईच्या पायातलं वाळं मला दिसत होतं. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. बोट हलवता येत नव्हतं. जीभ हलवता येत नव्हती.

मधुभाऊ धावत आले. डबा पाहिला, मला पाहिलं आणि ओरडले, "औषध पिली हे! जीप काढा!"

"भाऊ, पानी हाय त्याच्यात," भोजाई म्हणाली.

"तुले काय मालूम?"

"आत्ताच मी बी पिली ना त्याच्यातलं!"

झालं. भोजाईलाही उचलली. ती हातपाय झाडत होती, "अहो मले काई झालं नाई," तर भाऊ ड्रायव्हरला म्हणाले, "हिच्या डोक्यावर चढून राह्यलं, लवकर चाल." तिच्या नाकाखाली कापूस तसाच होता. ते पाहून मला आतल्या आत पुन्हा हसू येत होतं आणि मी पुन्हा पुन्हा गळत होते. शेवटी जीपमध्ये मला खरी झोप लागली.

नळी

जाग आली ती दवाखान्यात. चार हातांनी दाबून धरलेलं, नाकातून नळी घशात उतरत होती. मी ओरडायचा प्रयत्न केला तर परिचारिका म्हणाली, "गिळ, गिळ, नाईतर दुखन." बादलीभर पाणी आत, बादलीभर बाहेर. पलीकडच्या खाटेवर भोजाईचं तेच चाललं होतं. ती नळीच्या बाजूनं ज्या शिव्या देत होती त्या मी इथं लिहिल्या तर हा कागद जप्त होईल.

बोलता येताच मी तिथल्या तरुण डॉक्टरला सांगितलं, "मी काही प्यायले नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मी हसले आणि पडले."

तो माझ्याकडे बघतही नव्हता. केसपेपरवर लिहिलं: विष प्राशन, संशयित. त्या वर्षी त्याच्याकडे रोज तशीच माणसं येत होती. माणूस बेशुद्ध, शेजारी डबा, नळी घाल. घाईत त्यानं कितीतरी जीव वाचवले असतील. माझ्याबाबतीत त्यानं एक प्रश्न विचारला नाही, आणि त्या एका प्रश्नापायी माझं दीड वर्ष गेलं. कोणी म्हणेल, त्याला समजून घे. समजून घेतलं. माफ नाही केलं.

तीन दिवस ठेवलं. सकाळी रक्त, दुपारी पोलीस, संध्याकाळी समुपदेशनवाल्या बाई. बाई गोड होत्या. "कोण मुलगा आहे?" एवढंच त्यांना हवं होतं. मी त्यांच्यासमोर झोपले. त्यांनी लिहिलं, उदास आहे.

तिथं एक मात्र चांगलं घडलं. रात्रपाळीची तीच परिचारिका, जी मला गिळ गिळ म्हणत होती, तिनं भोजाईची खाट सरकवून माझ्या खाटेला लावली. भोजाई माझा हात धरून म्हणाली, "तू नाई पिली ते मले मालूम हाय. मी बी नाई पिली. पन आता दोघींचं बी कोन आयकते." पहिले आभार भोजाईचे.

माझ्या नावाचं पत्रक

तिसऱ्या दिवशी मधुभाऊ सफरचंदं घेऊन आले. त्यांच्या शबनम पिशवीत पत्रकांचा गठ्ठा. वर माझा फोटो. "कापसाच्या भावासाठी आमच्या भगिनीने विषाचा प्याला जवळ केला!" खाली भाऊंचं नाव आणि हेही, की वेळेवर जीपने पोचवल्यामुळे प्राण वाचले.

"भाऊ, मी नाही प्याले."

"हो ना बाई, आराम कर."

"भाऊ, खरंच. डब्यात पाणी होतं."

त्यांनी मग माझ्याकडे नीट पाहिलं. मला त्यांचा चेहरा आठवतो. त्यांना पटलं होतं. आपली चूक झाली हे त्यांच्या डोळ्यांत आलं आणि लगेच गेलं.

"आता छापून झालं सुनी. चार तालुक्यांत वाटून झालं. आंदोलनाले जोर आला. तुह्या एकटीचा प्रश्न हाय का हा?"

शेतात चूक झाली, ती चूक होती. दवाखान्यात जे केलं ते मुद्दाम. माझा सूड त्या क्षणी सुरू झाला. रागानं माझी मान गळून उशीवर पडली. भाऊंना वाटलं मी मान्य केलं.

घर

घरी आल्यावर विळा, दोर, फवारणीचा पंप, सगळं बापानं कुलपात टाकलं. विहिरीवर मला एकटीला जाऊ देईनात. याडी परसाकडेही सोबत यायची. तांड्यात ठरलं होतं की मुलगा दारव्ह्याचा आहे, आणि शबानाच्या घरी माझं जाणंयेणं असल्यानं तो कोण असेल हेही काहींनी ठरवून टाकलं. शबानाला भाऊच नाही, एवढीही चौकशी कोणी केली नाही.

वाईट हे की मला सगळं विसरायला होत होतं. काल कोणाशी काय बोलले ते सकाळी आठवायचं नाही. झोपेत शिरतानाच स्वप्नं सुरू व्हायची, डोळे उघडे असायचे आणि छातीवर कोणी बसलेलं दिसायचं. ते मी याडीला सांगितलं, ती भगताकडे घेऊन गेली. भगतानं लिंबू उतरवलं. मी तिथंही झोपले. तो म्हणाला, "पाहा, शांत झाली."

बाप माझ्याशी बोलत नव्हता. एकदा फक्त म्हणाला, "कापसाच्या भावासाठी पिली म्हनते पेपरवाले. मग मले काहून नाई सांगितलं?" त्याला खोटं पटलं होतं आणि खोट्याचंच वाईट वाटत होतं. ह्या एका वाक्यासाठीसुद्धा मी मधुभाऊंना धरणार होते.

शबानाचा मोबाईल

वर्ष उलटून गेलं. छापखान्यात मी कागदाच्या रिमांवर झोपायचे. शबानाच्या लक्षात आलं की मी एरवी कधी पडत नाही. पडते ती फक्त हसताना किंवा फार संतापले की.

"बैस इथं," ती म्हणाली आणि मोबाईल समोर धरला. "शेळ्यांच्या खिडक्यांचं सांग."

"नको गं."

"उत्तरेकडेच काहून? दक्षिणेच्या शेळ्यांनी काय पाप केलं?"

मी गेले. खुर्चीतून घसरून खाली. तिनं थांबून सगळं चित्रित केलं: डोळे उघडे, पापण्या फडफडताहेत, हात मेल्यासारखे, दीड मिनिटानं मी उठते आणि तिला मारते. रफीकचाचांनी शेळ्यांचा तो मूळ कागदही जपून ठेवला होता. चौथ्या मागणीनंतर माझी ओळ खाली खाली घसरत गेलेली साफ दिसत होती. "बेटा, हे अक्षर जागं नाई," ते म्हणाले. दुसरे आभार ह्या बापलेकीचे, दोघांना मिळून एक.

यवतमाळच्या एका वयस्क डॉक्टरांना आम्ही तो कागद आणि मोबाईल दाखवला. त्यांनी दोनदा पाहिलं. मग विचारलं, "हसल्यावर पडतेस का?"

हाच तो प्रश्न. दीड वर्षात पहिल्यांदा. मी रडायला लागले. "आणि रडताना नाही पडत, बरोबर?" म्हणाले. तिसरे आभार त्यांचे.

सरकी आणि रुई

त्यांनी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक रात्र डोक्याला चिकटवलेल्या तारांसकट झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पडद्याआड वीस मिनिटं पडायचं. पाच वेळा. याडी सोबत होती. तिला वाटलं, एवढ्या लांब येऊन पोरगी दिवसभर झोपाच काढतेय. "हे तं घरी बी करत होती," ती तंत्रज्ञाला म्हणाली.

पाचही वेळा मी मिनिट-दोन मिनिटांत झोपले आणि झोपताच स्वप्नात शिरले. संध्याकाळी डॉक्टरांनी नाव सांगितलं: नार्कोलेप्सी. मेंदूत माणसाला जागं ठेवणारा एक रस असतो, तो माझ्यात जवळपास संपलाय. स्वप्न पडताना मेंदू शरीर सैल सोडतो, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी खाटेवरून पडत नाही. माझ्यात तो सैलपणा जागेपणी येतो, हसलं की, चिडलं की.

मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं: जिनिंगमध्ये रूळ नीट असला तर रुई एकीकडे, सरकी एकीकडे. माझा रूळ झिजलाय. जागेपण आणि स्वप्न मिसळून बाहेर येतं.

"आळस नाई?" याडीनं विचारलं.

"नाही."

"बाहेरचं नाई?"

"नाही. झोप हे मेंदूचं कामच आहे. दिवसभराचं तो रात्री जागेवर लावतो. हिच्या मेंदूला ते काम धड करताच येत नाही, म्हणून विसरते."

याडी मला बाहेर घेऊन आली. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "नीज छोरी." सात वर्षांत पहिल्यांदा कोणी मला झोपायची परवानगी देत होतं.

बरी मी झाले नाही. होणार नाही. सकाळी गोळी, दुपारी ठरवून दोन डुलक्या, चुलीपाशी आणि विहिरीवर एकटीनं नाही, गाडी चालवायची नाही. एवढ्यावर मी पुन्हा पत्रकं लिहिते. तुम्ही हसताना गळत असाल तर कोणाला तरी मोबाईलवर चित्रित करायला सांगा आणि ते डॉक्टरच्या नाकासमोर धरा. तुमच्या तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवतील याची वाट पाहू नका.

नसाब

राहिला सूड.

मी मधुभाऊंना निरोप दिला: दुसरं पत्रक काढा. उत्तर आलं, "आता कायले? लोक विसरले." लोक विसरले नव्हते. दोन स्थळं माझ्या नावावरच्या विषामुळे परत गेली होती. स्थळांचं मला दुःख नाही, कारणाचं आहे.

तांड्यात तंटा झाला की नायकासमोर नसाब बसते, म्हणजे आमची पंचायत. मी नायकाकडे तक्रार मांडली. तांड्यातला संघटनेचा पाठिंबा हातचा जाऊ नये म्हणून भाऊ आले. देवळासमोर सकाळी सगळा तांडा बसला. मी चार पानं लिहून आणली होती, शेवटी पाच मागण्या. एक प्रत शबानाकडे दिली, कारण मला माझा राग माहीत होता. आणि आधीच सांगितलं, "मी पडेन. कोणी हात लावायचा नाही. मला सगळं ऐकू येतं."

मी वाचायला लागले. दवाखान्यापर्यंत नीट वाचलं. "आता छापून झालं सुनी" ह्या वाक्याला जबडा सुटला, मग मान, मग गुडघे. मी धुळीत.

भाऊ सवयीनं उठले. "अरे जीप काढा!"

भोजाई त्यांच्या आडवी उभी राहिली. "भाऊ, हात लावाल तं या टायमाले नळी तुमच्या नाकात."

शबानानं माझ्या पुढच्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी जमिनीवरून भाऊंच्या चपला पाहत होते. त्या एकदा पुढं आल्या, एकदा मागं गेल्या, मग थांबल्या. सगळा तांडा मला पडलेली बघत होता आणि ऐकत होता. दीड मिनिटानं मी उठले, धूळ झटकली.

"कुठवर आलं?"

"पाचव्या मागणीपर्यंत," शबाना म्हणाली. ती हसू दाबत होती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पाचवी मागणी मी वाचली. भोजाईनं तो डबा आणून भाऊंसमोर ठेवला. लाल खुणेचा कागद तसाच होता. विहिरीचं पाणी भरलेलं. "भाऊंनी ह्यातलं घोटभर पाणी सगळ्यांसमोर प्यावं, किंवा स्वतःच्या हातानं लिहावं की सुनीतानं औषध प्यायलं नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं आणि तरी मी पत्रक मागं घेतलं नाही."

त्यांनी डबा उचलला. झाकण काढलं. नाकाशी नेलं. नायक म्हणाला, "पानी हाय, भाऊ. आमच्या बाया प्यायच्या." भाऊंचा हात तोंडापर्यंत गेला नाही. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पेन मागितला.

बाप माझ्या मागं बसला होता. भाऊ लिहीत असताना त्यानं पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नाई पिली," म्हणाला. मी मान हलवली. ते पत्रक चार तालुक्यांत वाटलं गेलं, रफीकचाचांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत. डब्याला मी तापल्या सळईनं सहा भोकं पाडली.

पण ते नंतर. भाऊंची सही होत होती तेव्हा त्यांच्या मागं भोजाई उभी होती. कापसाचा पुंजका तिला कुठून मिळाला देव जाणे. नाकाखाली चिकटवून तिनं पोट पुढं काढलं.

मी पुन्हा गेले. सरळ धुळीत.

कोणी उठलं नाही. कोणी जीप मागितली नाही. शहरातून आलेला संघटनेचा एक नवा माणूस तेवढा घाबरून उभा राहिला, तर याडीनं त्याला हातानं खाली बसवलं.

"पडू द्या तिले," ती म्हणाली. "हसून राह्यली ते."